कपाटातला मुका कंप्युटर

सेनगावात बसस्थानकामागच्या बोळात वसराम राठोडचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, आणि तिच्यातली अर्ध्याहून जास्त जागा मेलेल्या कंप्युटरांनी अडवलेली. लोक नवीन मशीन घेत आणि जुनं वसरामच्या दारात आणून ठेवत. हा बाबा ते फेकून देईल तर शपथ. प्रत्येक जुन्या यंत्रात अजून जीव आहे, फक्त त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नाही, असं त्याचं ठाम मत होतं. मत खरं असेलही, पण त्यापायी त्याला स्वतःला बसायला एका स्टुलापुरतीच जागा उरली होती.

वसरामची ख्याती होती ती ड्रायव्हर शोधण्यात. कंप्युटरच्या पोटात आवाजाचं एक कार्ड असतं, चित्राचं एक असतं, प्रिंटर बाहेरून वायरीनं जोडलेला असतो. ही सगळी एका घरात नांदतात, पण एकमेकांची भाषा त्यांना येत नाही. सोयरिकीत जसा दोन्हीकडचं बोलणं सांभाळणारा मध्यस्थ लागतो तसा इथंही लागतो. तो एक छोटासा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मशीन नवं असताना तो सीडीवर सोबतच मिळतो. मशीन जुनं झालं की सीडी हरवते, कंपनी बंद पडते आणि मध्यस्थाचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो. मग माणसं वसरामकडं येत. त्याच्याकडं अशा बेवारस सीड्यांचं चाळीस-बेचाळीसचं गाठोडं होतं आणि ते तो आईच्या जुन्या, भिंगं लावलेल्या ओढणीत बांधून ठेवी.

२००५ साली वसराम सव्वीस वर्षांचा झाला आणि त्याची सोयरीक जमली. गोरेगावच्या पुढं माळावर धर्मसिंग नायक चव्हाणांचा तांडा आहे, तिथली नायकांची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांची, नात मिना. गूळ वाटून सोयरीक पक्की झाली त्या दिवशी दोघं एकमेकांशी जे काही बोलली ते एवढंच, की मिनानं विचारलं, दुकानात दुसरं स्टूल मावतं का. त्या दिवसापासून तो रोज दुकानात गेल्यावर दुसऱ्या स्टुलाची जागा मोजत बसे आणि गिऱ्हाइकं ताटकळत.

आता झालं असं की, बंजारा समाजात नवरदेवाला वेतडू म्हणतात, आणि जुन्या काळी हा वेतडू लग्नाआधी मुलीच्या तांड्यावर येऊन महिना महिना राहायचा. बैलाशी कसा वागतो, ओझं किती उचलतो, बायकांनी थट्टा केली तर चिडतो की हसतो, हे सगळं सासरवाडी बघून घ्यायची. अलीकडं ही रीत नावापुरती उरली होती. वेतडू सकाळच्या जीपनं यायचा, जेवायचा आणि संध्याकाळच्या जीपनं परत जायचा. पण नायकदादांनी जाहीर केलं की आपल्या नातीच्या लग्नात सगळं जुन्या रीतीनं होईल, आणि अक्षय तृतीयेच्या अठरा दिवस आधी वेतडूला तांड्यावर बोलावून घेतलं. मिनाचा बाप पुनमचंद पन्नाशीला टेकला होता, तरी नायकदादांपुढं बोलायची त्याची टाप नव्हती.

वसरामची कसली हरकत असणार. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्यानं दुकानाला कुलूप लावलं, 'मालक बाहेरगावी' अशी चिठ्ठी डकवली आणि कपड्यांच्या पिशवीसोबत सीड्यांचं गाठोडंही घेऊन तो तांड्यावर हजर झाला. गाठोडं कशाला, असं बायकांनी विचारलं तेव्हा त्यानं असू द्या म्हणून सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी परीक्षा सुरू झाली. नायकदादांनी त्याच्या हातात बैलाचा कासरा दिला आणि बैल पाण्यावर नेऊन आण म्हणाले. पाण्यावर दोघंही गेले खरे, पण कोण कुणाला नेत होतं हे सगळ्या तांड्यानं पाहिलं. परत येताना बैल एकटाच आला आणि वसराम त्याच्या मागून पाऊण तासानं, एका पायात चप्पल घालून. तेव्हा नायकदादांनी शांतपणे विचारलं की बाबा, तुला येतं तरी काय. वसराम म्हणाला, जुने कंप्युटर बोलते करता येतात.

हे ऐकलं आणि नायकदादा उठले. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं, त्याची दोन्ही दारं त्यांनी उघडली. आत कंप्युटर होता. त्याची कथा अशी, की आदल्या वर्षी नायकदादा एका कचेरीच्या लिलावात कपाट घ्यायला गेले. कपाट घेतलं, जीपवर चढवलं, घरी आणून उघडलं तर आत अख्खा कंप्युटर. परत करायला गेले तर बाबू म्हणाला, कपाट आतल्या सामानासकट विकलंय, आता ते परत घ्यायला आमच्याकडं फॉर्म नाही. तेव्हापासून तो कपाटातच होता. लाइट लावली की चालू व्हायचा, चित्रं दाखवायचा, पण दोन्ही बाजूंना दोन भोंगे असूनही आवाज म्हणून काढत नव्हता. पोहरादेवीच्या यात्रेतून नायकदादांनी भजनांची सीडी आणली होती, तीही त्यात घालून पाहिली. सीडी आत फिरायची आणि बाहेर शुकशुकाट.

नायकदादा कपाटावर हात ठेवून म्हणाले, "बैलाचं जाऊ दे. ह्याला बोलता कर. ज्या दिवशी हे बोलंल त्याच्या तिसऱ्या दिवशी लगीन. अक्षय तृतीयेपर्यंत न्हाई बोललं, तर गूळ परत."

गूळ परत म्हणजे सोयरीक मोडली. मिराबाईंनी, म्हणजे नायकदादांच्या बायकोनं, नवऱ्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर शब्द मागं घेतला असता. वसराम मात्र मनात हरखला होता. बैलाऐवजी कंप्युटर मिळाला, आणखी काय पाहिजे. तो म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे.

विंडोज ९८ चालू झाली, वसरामनं आतली यादी उघडली आणि आवाजाच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं. कार्ड आहे, पण ते कुणाचं, कोणत्या घरचं, ठाऊक नाही. त्यानं गाठोडं सोडलं आणि एकेक सीडी घालायला लागला. अशी अंदाजपंचे सीडी घालणं म्हणजे बाजारात दिसेल त्या माणसाला आपला मामा म्हणून हाक मारण्यासारखं आहे, हे त्यालाही कळत होतं. पण समोर खोलीभर बायका बसल्या होत्या. सातव्या सीडीला माउस मेला. अकराव्या सीडीला पडद्यावरचे रंग उडाले. चौदाव्या सीडीला सगळा पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली. मिराबाईंनी विचारलं, काय म्हणतंय. वसराम म्हणाला, थोडी विश्रांती मागतंय. तेवढ्यात अकरा वाजले आणि लाइट गेली, ती रोज जायचीच.

तीन दिवसांत बेचाळीस सीड्या संपल्या. बायकांनी तोवर गाणं रचलं होतं, की वेतडू आला मुक्याला बोलतं करायला आणि स्वतःच मुका होऊन बसला. पाणी भरताना, भाकरी थापताना, त्याला जेवायला वाढताना, त्या हेच म्हणत. वसराम हसत होता, कारण चिडायचं नाही हे त्याला आईनं निघताना तीनदा बजावलं होतं.

पाचव्या दिवशी तो जीपनं गोरेगाव आणि तिथून हिंगोली गाठून हरिचंदकडं गेला. हरिचंद त्याचा कंप्युटर क्लासमधला दोस्त, आता तिथं त्याचा इंटरनेट कॅफे होता. हरिचंदनं सगळं ऐकून घेतलं आणि कुणीही शहाण्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारला असता असा प्रश्न विचारला. कार्डावरच्या मोठ्या चिपचा नंबर काय आहे. नंबरावरून घराणं कळतं, घराण्यावरून ड्रायव्हर मिळतो.

"नंबर न्हाई," वसराम म्हणाला. "लाल हाये."

हरिचंदनं कपाळाला हात लावला. लाल चिप त्यानं जन्मात पाहिली नव्हती. वसराम मात्र ती कंपनीतूनच लाल आली असेल असं धरून चालला होता. परत आल्यावर त्यानं कार्ड काढलं, नखानं खरवडलं, वास घेतला. कुंकू होतं.

कंप्युटरच्या डाव्या कुशीचं पत्र्याचं झाकण लिलावाच्या आधीच कुठंतरी गेलं होतं आणि आतलं सगळं उघडं होतं. लक्ष्मी न बोलावता कपाटात बसून घरी आली, असं मिराबाईंना पहिल्याच दिवशी वाटलं. मग दसरा, दिवाळी, पाडवा, प्रत्येक सणाला त्यांनी तिला तेलात कालवलेलं कुंकू लावलं. कपाळ म्हणून त्यांनी जी मोठी, काळी, चौकोनी जागा निवडली ती नेमकी आवाजाची चिप होती. वर्षभराच्या थरानं नंबर पार बुजला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

वसराम रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला बसला आणि मिराबाईंनी त्याचा हात धरला. "सवाष्णीचं कपाळ पुसतेत व्हय? अन् तेबी घरात लगीन असताना?"

वसराम म्हणाला, दादी, हे यंत्र आहे. मिराबाई म्हणाल्या, बैल जनावरच आहे, तरी पोळ्याला आपण त्याला ओवाळतोच ना. नायकदादांनी बायकोची बाजू घेतली, आणि फार जोरात घेतली. पूर्ण दिवस वाया गेला. सोयरीक कुंकवापायी मोडणार म्हणून वसरामला जेवण जाईना. लहानपणी मोट, औत, गाडी यातलं काहीच जमलं नाही तेव्हाही त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं, कारण हे एक काम त्याला येत होतं.

तोड काढली मिनानं. दाराआडून ती म्हणाली, "दादी, आधी दुसरीकडं कुंकू लाव, मंग हितलं काढ. कपाळ मोकळं राहतच न्हाई."

मिराबाईंनी तांड्यातल्या दोन जाणत्या बायकांचा सल्ला घेतला. दोघींनी मान डोलावली. मग सकाळी हातपाय धुऊन मिराबाईंनी आतल्या पत्र्याच्या डब्याला, जिथून वीज येते त्याला, ठसठशीत कुंकू लावलं, हळद लावली, अक्षता वाहिल्या आणि मगच चिप स्वतःच्या हातानं पुसली. खाली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं निघाली. वसरामला ती दिसेनात, म्हणून मिना पहिल्यांदाच त्याच्यासमोर येऊन बसली आणि कार्ड उजेडाकडं तिरकं धरून तिनं नंबर वाचला. अकरा अक्षरं होती. वसरामनं तिला ती तीनदा वाचायला लावली. पहिल्या वेळीच ती कागदावर बराबर उतरली होती, हे मिराबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या खेपेला हरिचंदनं त्या नंबराचा ड्रायव्हर शोधून काढला. फोनच्या तारेवरून तो उतरायला दीड तास लागला आणि तेवढ्यात लाइन दोनदा तुटली. फाइल फ्लॉपीत मावेना. हरिचंदनं मोठ्या मनानं स्वतःचा नवा कोरा पेनड्राइव्ह दिला, जानव्यासारखा गळ्यात घाल म्हणाला. वसराम तो गळ्यात घालून आला आणि मशीनला लावला. पडद्यावर आलं, नवीन उपकरण सापडलं, कृपया त्याचा ड्रायव्हर द्या. इतक्या जुन्या विंडोजला पेनड्राइव्ह म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मिराबाईंनी परत विचारलं, काय म्हणतंय. वसरामनं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मध्यस्थालाच मध्यस्थ पायजे."

आठव्या दिवशी तिसरी खेप झाली. ह्या वेळी हरिचंदनं गुपचूप सीडी भरून दिली आणि वर हात जोडले.

ह्या सगळ्या दिवसांत एक गोष्ट मात्र होत होती. रोज सकाळी सात ते अकरा, लाइट असेपर्यंत, नायकदादा वसरामच्या शेजारी बाजेवर येऊन बसत. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत असे आणि ते आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी सांगत. बैलांच्या पाठीवर मीठ लादून माणसं कशी महिनोन्‌महिने चालत, कुठं मुक्काम पडे, कुठल्या ओढ्याला वाघ येई. वसरामला दुसरं काही करण्यासारखं नसे, म्हणून तो मन लावून ऐके. इतकं ऐकून घेणारं माणूस नायकदादांना फार दिवसांनी भेटलं होतं.

नवव्या दिवशी गोरेगावचा बाजार होता. सगळा तांडा तिकडं गेलेला. घरी फक्त नायकदादा होते आणि अंगणात मिना मिरच्या वाळत घालत होती. वसरामनं सीडी घातली. पट्टी पूर्ण भरली, मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं, पिवळं प्रश्नचिन्ह गेलं आणि दोन्ही भोंग्यांतून विंडोज चालू होतानाचा तो लांब, गोड सूर निघाला. नायकदादा बाजेवरून उठून उभे राहिले. वसरामनं पोहरादेवीची सीडी लावली. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज खोलीत आला, मागून डफ वाजला. वसरामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तांड्याला ओरडून सांगायला दाराकडं पळाला, आणि नायकदादांनी त्याचं मनगट धरलं.

"बंद कर."

वसरामला वाटलं आवाज मोठा झाला. तो म्हणाला, कमी करतो.

"कमी न्हाई, बंद कर," नायकदादा म्हणाले आणि बाजेवर बसले. मग म्हणाले, "मिनाचे मायबाप सहा सहा महिने उसाला जायचे. दोन वर्साची होती तव्हापासून माझ्या उशाशी वाढली. पेपर तीच वाचून दाखवते. हे बोलणार न्हाई असं वाटलं, म्हून तुला दिलं रे." त्यांनी वसरामकडं न बघता विचारलं, "नऊ दिस राहिलेत. तोवर हे मुकंच राहू देशील?"

वसरामला आधी संताप आला. नऊ दिवस तांडाभर हसं झालं होतं आणि आता, जिंकल्यावर, आणखी नऊ दिवस हसं करून घ्यायचं. ड्रायव्हर शोधणारा म्हणून जे काही नाव होतं ते ह्या माळावर मातीत घालायचं. तो नायकदादांना काहीतरी चांगलंच कडक बोलणार होता. पण म्हातारा तळहातांनी गुडघे चोळत जमिनीकडं बघत बसला होता, आणि वसरामला त्याची दया आली, मायाही आली. त्यानं भजन बंद केलं आणि भोंग्यांची वायर काढून खिशात घातली.

दुपारी मंडळी बाजारातून परतली. बायकांनी पिशव्या खाली ठेवायच्या आधीच गाणं सुरू केलं. मिराबाईंनी विचारलं, झालं का. वसराम खाली मान घालून म्हणाला, न्हाई, सापडंना. अजून किती दिस, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो नायकदादांकडं बघून जरा घुटमळला. नऊ म्हणायची जीभ होईना. शेवटी माणूसच तो. म्हणाला, चार-पाच लागतील.

मिना सकाळपासून अंगणात खिडकीखालीच बसली होती. मिरच्यांवरची नजर न काढता ती म्हणाली, "चार-पाचात कसं व्हईल? नऊ लागतील. नंबर लई मोठा हाये."

नायकदादांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पागोटं सारखं करत राहिले. ते पुढं बराच वेळ सारखं होत नव्हतं.

पुढचे नऊ दिवस सकाळी दार लोटलेलं असे. लाइट आली की आजोबा आणि नातजावई आवाज अगदी बारीक करून एकेक भोंगा कानाला लावून बसत, आणि बाहेर पेपर वाचायला मिना थांबलेली असे. अक्षय तृतीयेला सकाळी कंप्युटर सगळ्या तांड्यासमोर बोलला आणि तिसऱ्या दिवशी लग्न झालं. सेनगावच्या दुकानात आता दोन स्टुलं आहेत. त्यासाठी वसरामनं तीन मेलेले कंप्युटर काळजावर दगड ठेवून बाहेर काढले. बाकीचे दुरुस्तीवाले अजून त्याची टर उडवतात, की दहा मिनिटांच्या एका ड्रायव्हरसाठी ह्यानं सासरवाडीत अठरा दिवस घातले. वसराम आपल्या नावासाठी एरवी कुणाशीही भांडतो. ह्या बाबतीत मात्र तो समोरच्या स्टुलाकडं बघतो आणि नंबर लई मोठा होता, एवढंच म्हणतो.